राजीखुशीने काम सोडले

कळंबच्या तहसील कार्यालयाच्या भिंतीला लागून पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात डावीकडून तिसरे टेबल माझे. आयुष्याची निम्म्याहून अधिक वर्षे मी तिथे बसून लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, संमतिपत्रे आणि वाटणीचे मसुदे लिहीत आलो. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले, तेही पुरते नाही. परंतु पदवी घेतलेली माणसे माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून "तुम्हीच लिहा, आम्हाला ती भाषा जमत नाही," असे म्हणत आली आहेत. एका तहसीलदारांनी माझा अर्ज वाचून हाताखालच्या लिपिकाला "असे लिहायला शिका" म्हणून सुनावले होते. ही बढाई नव्हे. पुढे जे घडले ते का घडले, हे समजण्यासाठी एवढे सांगणे अगत्याचे आहे.

ज्यांच्या हाताखाली मी ही विद्या शिकलो ते वृद्ध गृहस्थ निजामी अमलातील कचेरीत उमेदवारी केलेले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी मला एक ओळ पाठ करायला लावली: "राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाबदडपणास बळी न पडता." कागद घराचा असो, शेताचा असो की नाव बदलण्याचा, ही ओळ त्यात हवीच. तिच्यावाचून कागद म्हणजे कुंपणावाचून रान, कोणीही आत शिरावे, असे ते म्हणत. ते ती ओळ नेहमी अगदी शेवटी, "लिहून देत आहे" या शब्दांच्या लगत घालीत. मी पुढे स्वतःच्या बुद्धीने ती वाक्याच्या मध्यभागी आणली. मध्ये आली की वाक्याला डौल येतो आणि मोठ्याने वाचताना ऐकणारा मान डोलावतो, असा माझा अनुभव होता.

ज्यांच्याविषयी हे लिहीत आहे ते भाई माझ्याच वयाचे, पन्नाशी ओलांडलेले. बार्शी रस्त्याकडच्या एका खासगी दूध संकलन केंद्रात ते दुधाचे फॅट काढीत, म्हणजे त्यातला स्निग्धांश मोजीत. ॲसिड आणि काचेच्या नळ्यांच्या काळापासून तेच काम केल्याने त्यांच्या सदऱ्यांना बाहीजवळ बारीक बारीक भोके पडलेली असत. सारा गाव त्यांना "फॅटवाले भाई" म्हणे. दुधात बोट बुडवून ते पाणी किती घातले आहे ते सांगत आणि गवळी त्यावर हुज्जत घालीत नसत.

ते एके दिवशी दुपारी माझ्याकडे आले.

"या भाई, बसा. आज काय काढलंत?" मी विचारले.

"म्या काय न्हाई काढलं साहेब. मलाच काढलंय."

मी हसलो. ते हसले नाहीत, तेव्हा कळले की ही कोटी नव्हती.

"कसं काढलं?"

"तोंडानं. सकाळी गेलो तर मॅनेजर म्हनला, भाई, नवं यंत्र आलंय, फॅटबी तेच काढतंय अन् चिठ्ठीबी तेच छापतंय. उद्यापासून येऊ नका, हिशेब खात्यावर येईल. म्या म्हनलं, मग तसं लिहून तरी द्या. तर म्हनला, आता लिहायचं काम यंत्राकडं हाय, माझ्याकडं न्हाई."

त्यांच्या पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जात होते. अशा विमेदाराची नोकरी गेली तर विम्याकडून तीन महिन्यांपर्यंत निम्म्या पगाराइतका भत्ता मिळतो, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. त्यासाठी ऑनलाइन अर्ज आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागणार होते. त्या भत्त्याविषयी मला काडीचीही माहिती नव्हती. परंतु "माहीत नाही" हे शब्द मी त्या टेबलावर कधी उच्चारले नव्हते आणि त्या दिवशीही उच्चारले नाहीत.

"तीन महिन्यांनी असं काय होणार आहे?" मी सहज विचारले.

"तीन म्हैने घरी काढता येतील, तेवढंच. दिवाळीनंतर पुष्टकाळ लागतो, दूध वाढतं. मग कुटल्या ना कुटल्या डेअरीला मानूस लागतोच. तवर भागलं की झालं." मग ते जरा थांबले. "साडू पुण्याकडं वॉचमनची जागा धरून बसलाय. रोज फोन करतो, ये म्हनून. पन अम्मीचं काय करू? लई विसरायला लागली. माझ्या बायकोला नर्सबाई म्हनती. घरात एकट्या मलाच वळखती. म्या घास दिला तर खाती, न्हाईतर तोंड मिटून बसती. डॉक्टर म्हनले, तुमचं तोंड तिच्या नजरंसमोर ऱ्हाऊ द्या. नजरंआड झालात की तुमीबी तिच्या ध्यानातनं जाल."

असे ते काम होते. मी टोपण काढले.

आमच्या शेडीच्या टोकाला एक बाई ऑनलाइन अर्जांचे केंद्र चालवतात. संगणकाचे काम त्यांचे, मसुद्याचे माझे, अशी आमची वाटणी. भाईंचे आधार कार्ड आणि पासबुक त्यांच्याकडे दिले तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, ह्या भत्त्याला अटी दिसतायत. दोन पानं छापून देते. आधी वाचा, मग लिहा."

"बाई, तुम्ही बटणं दाबा. मसुदा माझ्यावर सोडा."

"बरं काका. बटणं तर बटणं," असे म्हणून त्यांनी ती दोन पाने तरीही माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी ती घडी करून शाईच्या पॅडखाली सरकवली.

मग मी लिहू लागलो. "मला काढून टाकले" हे शब्द मला रुचले नाहीत. काढून टाकले म्हटले की वाचणाऱ्याच्या मनात चोरी येते, दारू येते. इतक्या सचोटीच्या माणसाच्या कागदावर तसला डाग कशाला, असा मी विचार केला. म्हणून मी लिहिले: "मी सदर केंद्रात इमानेइतबारे नोकरी करून, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाबदडपणास बळी न पडता, सदर काम सोडले असून त्याबाबत हे प्रतिज्ञापत्र लिहून देत आहे." आणि माझ्या पद्धतीप्रमाणे ते मोठ्याने वाचून दाखवले.

भाईंनी मान डोलावली नाही. ते म्हणाले, "साहेब, ते राजीखुशीनं कशाला?"

"तो रिवाज आहे. हा कागद तुम्ही कोणाच्या धाकाने लिहून देत नाही, इतकाच त्याचा अर्थ."

"कागद राजीखुशीनं देतोय, ते बराबर. पन काम म्या राजीखुशीनं सोडलं न्हाई वो. म्या राजीबी नव्हतो अन् खुशबी नव्हतो."

शेजारच्या टेबलावरचे अर्जनवीस खो खो हसले. "घ्या! आता गिऱ्हाईकच मसुदा तपासाया लागलं," असे ते म्हणाले.

ते हसणे मला झोंबले. भाईंचे म्हणणे कानांवर पडले होते, पण माझे सारे लक्ष त्या हसण्याकडे गेले. मी म्हणालो, "भाई, फॅट तुम्ही काढा. भाषा मी बघतो."

ते ओशाळले. "तसं न्हाई साहेब, तुमाला जास्त कळतं," असे म्हणून त्यांनी सही केली. सही करताना ते कागद डाव्या हाताने दाबून धरत होते, वाऱ्याने उडू नये म्हणून. वारा तर त्या दिवशी नव्हता.

त्यानंतर ते दर बाजारच्या दिवशी येत. स्टुलावर न बसता उभ्या उभ्याच विचारीत, "काय आलं का साहेब?" आणि मी "सरकारी काम आहे, वेळ लागतो," असे सांगे. एकदा ते हसत म्हणाले होते, "अम्मी काल मला वळखून वर शिव्या देत हुती, कामावर का जात न्हाईस म्हनून. शिव्या ऐकून इतकं बरं वाटलं!"

उत्तर आले ते अशाच एका बाजारच्या दिवशी, बाईंच्या संगणकावर. त्यांनी मला टोकाकडून हाक मारली. "काका, जरा इकडं या. भाई, तुम्ही थांबा."

पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. बाईंनी हलक्या आवाजात अर्थ सांगितला: अर्ज नामंजूर, कारण अर्जदाराने नोकरी स्वेच्छेने सोडली आहे. मग त्यांनी माझ्याच अक्षरातले ते प्रतिज्ञापत्र उघडले आणि त्या ओळीवर बोट ठेवले. "तुमचं राजीखुशी नडलं, काका. नोकरी गेलेल्यालाच भत्ता आहे. सोडलेल्याला न्हाई. त्या दोन पानांत पहिलीच अट ती होती."

"हळू बोला," एवढेच मी म्हणालो.

भाई तोवर आत आलेच होते. "काय झालं?" त्यांनी विचारले. शेजारचे अर्जनवीसही मान लांब करून पाहू लागले. त्या क्षणी जे बोललो ते परत घ्यायला आज मी काय वाटेल ते देईन. मी म्हणालो, "तुमच्या मॅनेजरनं वर काहीतरी खोटं कळवलेलं दिसतंय. तुम्ही आपणहून काम सोडलं, असं."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग तोंड फिरवून त्या दुसऱ्या कोणाचा तरी अर्ज भरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी भाई आले ते तापलेले. "सोडला न्हाई त्येला," ते म्हणाले. "चार गवळ्यांदेखत इचारलं, पोटावर मारलंस ते मारलंस, वर खोटं लिव्हतोस? तर आईची शपथ घ्यायला लागला, म्या काय बी कळवलं न्हाई म्हनून. मंग माझं डोस्कंच फिरलं. सँपलची बाटली फेकली भिंतीवर. वॉचमनला म्हनला, ह्याला पुन्हा फाटकाच्या आत घ्यायचं न्हाई. म्हनलं, येतंय कोन!"

शेजारचे अर्जनवीस म्हणाले, "शाब्बास भाई."

त्या दिवशी दुपारी मी शाईच्या पॅडखालची ती दोन पाने काढून वाचली. वाचायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

मग मी भाईंना म्हणालो की आपण स्वतः विम्याच्या कार्यालयात जाऊ, मी येतो. ते कार्यालय परजिल्ह्यात, एस.टी.ने तीन तासांवर. माझ्यासारखा माणूस टेबल बंद ठेवून सोबत निघतो, याचे भाईंना इतके अप्रूप वाटले की त्यांनी घरून दोघांसाठी भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून आणली.

तेथील लिपिक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी प्रतिज्ञापत्र समोर धरून वाचले. "'राजीखुशीने काम सोडले.' हे तुम्हीच लिहिलंय ना? मग भत्ता कसा देणार? मालकाकडून आम्हाला काही आलेलं नाही, आम्ही तुमच्याच कागदावर गेलो." त्यांनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिले. "कोणी लिहून दिलं हे?"

मालकाकडून काही आलेले नाही, हे वाक्य मी लख्ख ऐकले. भाईंनी ते ऐकले की नाही, मला ठाऊक नाही. त्यांचे कान बहुधा शेवटच्या प्रश्नाकडे होते. भिंतीवर कार्यालयीन वेळेचा फलक होता. मी तो वाचू लागलो.

भाई म्हणाले, "म्याच सांगितलं साहेब, तसं लिहा म्हनून. माझीच चूक."

"चूक दुरुस्त होते," लिपिक म्हणाले. "दुसरं प्रतिज्ञापत्र करा. आणि मालकाकडून एक ओळ आणा, कामावरून कमी केलं म्हणून. एकच ओळ. मुदत आहे अजून."

"एक ओळ," भाई म्हणाले आणि स्वतःशीच विचित्र हसले.

परतीच्या गाडीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. ते म्हणाले, "शब्दाचं तुमी मनाला लावून घेऊ नका साहेब. रिवाज हाय, तुमी काय मुद्दाम केलं न्हाई. मला राग त्या मॅनेजरचा हाय." मला त्यांनी क्षमा केली होती, पण अर्ध्याच अपराधाची. उरलेला अर्धा मी येडशी येईपर्यंत सांगायचे ठरवले. येडशी गेली. मग येरमाळ्यापर्यंत सांगायचे ठरवले. तोवर त्यांना झोप लागली आणि झोपलेल्या माणसाला उठवून असे काही सांगू नये, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्यानंतर एकदा मी त्या दूध केंद्राच्या फाटकापर्यंत गेलो. मॅनेजरला गाठून खरे सांगायचे आणि ती एक ओळ मागायची, असा बेत होता. समोरच्या टपरीवर चहा घेतला. मॅनेजर आवारात कॅन मोजत उभे होते. ते म्हणतील, "एवढे जुने अर्जनवीस तुम्ही, आणि तुम्हाला एवढंही कळलं नाही?" हे वाक्य मी मनात इतक्या वेळा ऐकले की प्रत्यक्ष ऐकायला जाण्याचे बळ उरले नाही. दुसरा चहा घेऊन मी परत आलो. मुदत संपली. भाई पुण्याकडे गेले. जाताना ते मला भेटायला आले होते, परंतु मी जेवायला घरी गेलो होतो. निरोप बाईंनी दिला.

हिवाळ्यात दूध वाढले. एकट्या यंत्राला सकाळची रांग आवरेना. त्याच केंद्राने फॅट काढणारे दोन जुने लोक परत बोलावले. हेही मला बाईंनीच सांगितले. त्या मला पूर्वी दिवसातून दहा वेळा "काका" म्हणत. आता कामापुरतेच बोलत.

ईदच्या सुट्टीत भाई गावी आले तेव्हा शेडीत डोकावले. अंगावर वॉचमनचा निळा शर्ट होता, बाहीला भोके नसलेला. मी त्यांना स्टुलावर बसवले.

"अम्मी कशा आहेत?"

"बरी हाय. जेवती. बायकोच्या हातनं जेवती आता."

"मग चांगलं झालं."

"व्हय, चांगलंच झालं." ते टेबलावरच्या शिक्क्याशी चाळा करू लागले. "काल गेलो तर माझ्याकडं बघून डोक्यावरचा पदर सावरला. म्हनली, 'कां से आए बाबा तुम? बैठो, पानी पिओ.' लई अदबीनं बोलली. आयुष्यात इतक्या अदबीनं कधी बोलली न्हाई माझ्याशी."

मी तेव्हा सांगितले. मॅनेजरने काहीही कळवले नव्हते, अर्ज केवळ माझ्या ओळीमुळे नामंजूर झाला, ते मला पडद्यावर पाहताक्षणीच समजले होते, आणि शेजारचे हसतील म्हणून मी दोष मॅनेजरवर ढकलला. शेजारचे टेबल त्या दिवशी रिकामे नव्हते. तिथले अर्जनवीस ऐकत होते. मी थांबलो नाही.

भाईंचा शिक्क्याशी चाललेला चाळा थांबला.

"म्हंजे त्यो खरं बोलत हुता."

"होय."

"आईची शपथ घेतली हुती त्यानं. अन् म्या त्याच्या आईवरनं बोललो, साहेब. चार मानसांत." त्यांनी शिक्का जागेवर ठेवला. "ह्ये तुमी आधी सांगायला पायजे हुतं. अम्मी वळखत हुती तवा."

ते उठले. "चला."

"कुठं?"

"डेअरीवर. तुमी सांगा त्येला."

मी सवयीने कोरा कागद ओढला.

"कागद नगं," भाई म्हणाले. "तोंडानं सांगा."

आम्ही चालत गेलो. ते दोन पावले पुढे होते. फाटकावर वॉचमनने भाईंना अडवले, म्हणून मॅनेजरला बाहेर बोलवावे लागले. ते कपाळाला आठ्या घालूनच आले. मी सारे सांगितले. माझ्या तोंडून एकही डौलदार वाक्य निघाले नाही. मध्येच मी अडखळलो तेव्हा भाईंनी राहिलेला शब्द पुरवला.

मॅनेजरांनी ऐकून घेतले. मग माझ्याकडे न पाहता ते भाईंना म्हणाले, "काढलं त्या दिवशी मालक शेजारी उभे होते, म्हणून लिहून दिलं न्हाई. पण पुन्हा आला असता अन् एक ओळ मागितली असती तर दिली असती की भाई. तू तर आलास ते बाटली फेकायलाच."

"आईवरनं बोललो ते माफ करा," भाई म्हणाले.

"ते मी घरी सांगितलंच न्हाई," मॅनेजर म्हणाले. "आता येतोस का कामावर? पण दूध आटत आलंय बघ. महिनाभराचं काम असेल, पुढचं सांगता येत न्हाई."

भाईंनी नकाराची मान हलवली. पुण्याकडची जागा सोडून महिन्याभरासाठी येणे त्यांना परवडणारे नव्हते, आणि ज्यासाठी यायचे ते आता उरले नव्हते. त्यांनी मॅनेजरांचा हात दोन्ही हातांत धरला, मग सोडला आणि ते घराच्या दिशेने चालू लागले. मी चार पावले त्यांच्यामागून गेलो. त्यांनी वळून हाताने थांबण्याची खूण केली, रागाने नव्हे. त्यांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती आणि तेवढा वेळ त्यांना आईजवळ बसायचे होते.